रिकाम्या घराचे कलम

३ डिसेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

कनिष्ठ बंधूचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे रक्तदाब चढलेला, गुडघा रुसलेला आणि अस्मादिक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तरंगत असलेले. तिकडील क्षेम तू कळवले नाहीस. तरी पोस्टकार्ड आले, त्यावरून तुझा हात चालतो आहे एवढा निष्कर्ष मी काढला. सर्वेक्षकाला निष्कर्ष काढायला फार सामग्री लागत नाही.

दहा महिन्यांनंतर तुझे अक्षर पाहिले. मोजून चार वाक्ये. ‘घर चौतीस दिवस रिकामं होतं म्हणून तुझ्या कंपनीने माझा दावा नाकारला. फेरविचाराचा अर्ज एकतीस डिसेंबरपर्यंत करता येतो म्हणे. त्यात काय लिहायचं हे तुला ठाऊक असेल तर कळव. नसेल तर राहू दे.’ खाली सही नाही, आशीर्वाद नाही. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर सुद्धा तू याहून अधिक लिहायचीस.

या प्रश्नाचे उत्तर देण्यास मी सर्वथा समर्थ आहे. लोकांची जळलेली, बुडालेली आणि खचलेली घरे पाहून त्यांवर अहवाल लिहिण्यात ज्याने सव्वीस वर्षे व्यतीत केली, त्याला हे ठाऊक नसेल तर कोणाला? तेव्हा उत्तराकडे वळतोच. तत्पूर्वी येथील एक वृत्तान्त निवेदन करणे क्रमप्राप्त आहे, कारण त्यामुळेच सध्या माझी विचारशक्ती अन्यत्र गुंतलेली आहे.

आमच्या प्रसिद्धी विभागात एक नवी मुलगी आली आहे. वय पंचविसाच्या आतबाहेर, उत्साह अमर्याद. ती गेल्या आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “सर, सुट्ट्यांच्या दिवसांत सगळी घरं मिळून पिक्चर बघतात ना, त्यात घरांची किती वाट लागते! आपण एक पुस्तिका काढू या. अमुक पिक्चरमध्ये अमुक नुकसान झालं, तर विमा मिळेल का? गंमत पण होईल आणि लोक नियम पण वाचतील.”

मी म्हटले, “बाई, नियम कोणीही वाचत नाही. मी सुद्धा पगार मिळतो म्हणून वाचतो.”

“म्हणूनच तर तुम्ही लिहा. तुमची भाषा वाचून लोकांना वाटेल की काहीतरी भारदस्त आहे.”

अशा रीतीने माझी भाषा प्रथमच कोणाच्या उपयोगी पडली. दुपारी जेवणानंतर सवड मिळाली की समितीकक्षाचे पडदे ओढले जातात, भिंतीवर चित्रपट सुरू होतो, आणि मी मांडीवर वही घेऊन नायक-नायिकेच्या मालमत्तेची पाहणी करतो. जगातील समस्त प्रेक्षक जेथे हसतात, तेथे मी नोंद करतो. आजवर पाच चित्रपट झाले.

पहिल्यात नायक रुसलेल्या नायिकेची क्षमा मागण्यासाठी गरम हवेचा फुगा घेऊन थेट तिच्या छपरावर उतरतो. धुराडे पडते, कौले घरंगळतात, खाली उभे असलेले आप्तेष्ट टाळ्या पिटतात. माझा अभिप्राय: हवाई वाहनाच्या आघाताने झालेली हानी संरक्षित आहे, तथापि वाहन जाणूनबुजून उतरवले असल्याने कंपनी नायकाकडून वसुली करील. विवाह झाल्यास ही वसुली संयुक्त खात्यातून होईल.

दुसऱ्यात सुट्टीला आलेला मामा आपले ओले मोजे विजेच्या शेगडीवर वाळत घालतो. अर्धे घर भस्मसात होते. पुढच्याच दृश्यात सर्व कुटुंब अंगणात हात धरून गात आहे. ताई, मी सव्वीस वर्षांत आगीनंतर गाणारे कुटुंब पाहिलेले नाही. पहिला अर्धा तास माणसे बोलतच नाहीत. नंतर कोणीतरी काहीतरी अगदी क्षुल्लक शोधू लागते, चष्म्याचे घर किंवा रेडिओचे झाकण.

तिसऱ्यात दोन अपरिचित स्त्रिया सुट्टीपुरती एकमेकींची घरे बदलतात आणि त्यांपैकी एक सोबत बकरी आणते. चौथ्यात कुटुंबप्रमुख कपडे धुण्याचे यंत्र स्वतः दुरुस्त करतात. ते यंत्र थरथरत माडीवरून निघते, पायरी पायरीने जिना उतरते आणि पुढच्या दाराने रस्त्यावर जाते. यंत्राची भरपाई नाही, जिन्याची आहे. कुटुंबप्रमुखांच्या प्रतिष्ठेचा विमा अद्याप कोणतीही कंपनी उतरवीत नाही.

पाचव्या चित्रपटात सहलीहून परतलेले कुटुंब दार उघडते आणि आतून पाण्याचा लोंढा येतो. त्यावर चपला, उशा, एक खुर्ची, एक खेळण्यातले बदक. समितीकक्षात सगळे खूप हसले. मी त्या वेळी चष्मा पुसत होतो, त्यामुळे या चित्रपटाची नोंद अपूर्ण आहे.

तुझ्या अर्जासंबंधी चिंतन चालू आहे. चिंतन हे माझ्या बाबतीत चालढकलीचे सभ्य नाव आहे, असे तूच एकदा म्हणाली होतीस.

प्रकृतीस जपणे.

आज्ञाधारक (अधूनमधून),
तुझा धाकटा


११ डिसेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

सादर वंदन. तुझे उत्तर पोचले. पोचले म्हणजे लागले.

‘शास्त्रीबुवा, चार पानं वाचली. फुगा उतरला, मामाचे मोजे जळले, बकरी आली, यंत्र जिना उतरून गेलं. माझ्या अर्जात काय लिहू? आणि तो पाचवा पिक्चर मी पाहिलाय. दार मीच उघडलं होतं. अडचणीचं काही आलं की संस्कृतात जाऊन बसायची तुझी सवय पन्नाशी उलटली तरी गेली नाही. बाहेर ये.’

येतो. जमेल तेवढा येतो.

दार तू उघडलेस तेव्हा मी तुझ्या मागे उभा होतो, हे तू लिहिले नाहीस. तो तुझा मोठेपणा. लोंढा वगैरे काही आला नाही. चित्रपटवाल्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. पाणी केव्हाच फरशीतून, उंबऱ्याखालून आपल्या वाटेने निघून गेले होते. राहिला होता तो वास. माडीवरच्या टाकीचा नळ सांध्यातून सुटला, छताचा गिलावा खाली आला आणि तो नेमका तुझ्या कामाच्या खोलीत, दाबयंत्रावर. तीन ग्रंथालयांची पुस्तके तू बांधणीला घेतली होतीस. शिवून झालेली एकावर एक रचलेली होती. ती इतकी फुगली होती की त्यांनी स्वतःची शिवण स्वतः उसवली होती. खळीचे भांडे मात्र खिडकीत जसेच्या तसे, झाकणासकट.

आणि मी काय केले? खिशातून टेप काढली. सवय, ताई. मनुष्य घाबरला की त्याचा हात त्याच्या धंद्याकडे जातो. तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, “टेप आत ठेव. आधी भाऊ म्हणून आत ये.”

मी टेप आत ठेवली. पण भाऊ म्हणून आत आलो की नाही, याची मला आजही खात्री नाही.

त्यानंतरचे तुला ज्ञात आहे. बहिणीच्या घराची पाहणी मी करणे नियमबाह्य, म्हणून काम माझ्या सहकाऱ्याकडे गेले. त्याने मला फोन करून विचारले, “तुमच्या भगिनी तुमच्याकडे किती दिवस होत्या?” मी म्हणालो, “चौतीस.” तो चांगला माणूस आहे. म्हणाला, “नीट आठवा हं. अठ्ठावीस-एकोणतीस असतील. आजारपणाच्या गडबडीत दिवसांचं भान राहत नाही.” मी म्हणालो, “अकरा डिसेंबर ते तेरा जानेवारी. चौतीस.”

सलग तीस दिवसांहून अधिक काळ घर रिकामे राहणार असेल, तर मालकाने कंपनीला आगाऊ कळवले पाहिजे. कळवले तर संरक्षण अबाधित, न कळवले तर दावा रद्द. रिकाम्या घराचे कलम म्हणतात त्याला. तू कळवले नव्हतेस. दावा रद्द झाला.

फेब्रुवारीत तू फोनवर म्हणालीस, “मी काय चैन करायला आले होते तुझ्याकडे? तुझी बायको अंथरुणाला खिळली होती. तिला उठवत होते, पुसत होते, भरवत होते. आणि तुला माझा आकडा आठवला!” मी सत्यकथन या विषयावर काही वाक्ये बोललो. ती वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. तू फोन ठेवलास.

कार्यालयात मात्र माझा जयजयकार झाला. नव्या लोकांना शिकवताना मुख्य साहेब आजही सांगतात, “सख्ख्या बहिणीचा दावा गेला, पण या माणसाने चार दिवससुद्धा इकडचे तिकडे केले नाहीत.” अशा वेळी मी खाली मान घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

तर अर्जाविषयी. शास्त्रानुसार तुला तीन मुद्दे मांडता येतील. पहिला, तू सहलीला नव्हे तर शुश्रूषेसाठी गेली होतीस. दुसरा, नळ रिकाम्या घरात सुटला तसा भरल्या घरातही सुटलाच असता. तिसरा, या कलमाची तुला कल्पना नव्हती. तिन्ही मुद्दे सच्चे आहेत आणि तिन्ही निरुपयोगी. कंपनीला तुझ्या मनाशी कर्तव्य नाही, दिनांकांशी आहे. तुला घराबाहेर राहण्याचे कारण होते हे ती मान्य करील आणि कळवले का नाही, असे विचारील. त्याचे उत्तर तुझ्यापाशी नाही.

पुस्तिकेचे काम चालू आहे. काल सातवा चित्रपट झाला. त्यावरचा अभिप्राय लिहून मी त्या मुलीला दिला आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. कारण लिहिण्याजोगे नाही.

या पानाच्या तळाशी दोन ओळी खोडल्या आहेत. लेखणी घसरली असे समज. त्या वाचण्याचा प्रयत्न करू नकोस.

तुझा,
वाक्याच्या शेवटी नेहमी अडखळणारा भाऊ


१९ डिसेंबर

ताई,

जुनी पाने उलगडणाऱ्या बाईला ‘वाचू नकोस’ म्हणून सांगणारा मी किती मूर्ख! तू लिहितेस, ‘खोडलेल्या ओळी काचेवर ठेवून खालून दिवा लावला. आणखी जीर्ण कागद वाचलेत मी. “एकोणतिसाव्या दिवशी” एवढं लागलं. पुढे शाई दाट आहे. एकोणतिसाव्या दिवशी काय?’

सांगतो. पण मला ते सातव्या चित्रपटापासून सांगावे लागेल. ही टाळाटाळ नाही. या वेळी खरोखरच वाट तिकडून आहे.

साधा चित्रपट होता. एक म्हातारे जोडपे दोन महिने मुलीकडे जाते. शेजारी राहणारा माणूस त्यांच्या झाडांना पाणी घालतो आणि झारी भरायला उघडलेला नळ एकदा बंद करायचा विसरतो. घराचे तळे होते. तो शेजारी ज्या विमा कंपनीत नोकरीला असतो, त्याच कंपनीचा या घराला विमा. सगळा विनोद यावरच, की तो ते लपवायला धडपडतो. मी वहीत ऐटीत लिहिले: घर साठ दिवस रिकामे होते, मालकांनी कळवले नव्हते, तरीही भरपाई देय आहे, कारण कंपनीच्या नोकराला मुदतीच्या आत हे ठाऊक होते, आणि नोकरास ठाऊक असणे म्हणजे कंपनीस ठाऊक असणे.

ती मुलगी वाचून म्हणाली, “असं खरंच असतं का, सर?”

“असते. जुना आणि पक्का नियम आहे.”

“म्हणजे नुसतं माहीत असलं तरी? त्याने कोणाला सांगितलं नाही तरी?”

“सांगितले नाही, तर तो कंपनीचा आणि त्याचा आपसातला प्रश्न. मालकाने कळवल्यासारखेच धरायचे.”

“मग त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल ना?”

“जाईल.”

ती हसली. “हे गाळू या का? फार सीरियस होतंय.” आणि पुढचे पान उलटले. मी मात्र त्याच पानावर राहिलो. आजही तेथेच आहे.

आता एकोणतिसावा दिवस. आठ जानेवारी.

ही गेली त्याला पंधरा दिवस झाले होते, दिवसकार्य उरकले होते. भेटायला येणारी माणसे थांबली होती. तू सकाळी बॅग भरलीस, चेन लावलीस आणि ती दाराशी नेऊन ठेवलीस. म्हणालीस, “उद्या निघते रे. ग्रंथालयवाले थांबलेत. शिवाय घर इतके दिवस बंद आहे, कसं असेल कोण जाणे.”

‘इतके दिवस’ हे शब्द तू उच्चारलेस आणि माझ्या डोक्यात आपोआप मोजणी झाली. ते माझे कामच आहे. दूधवाल्याने ‘चार दिवस येणार नाही’ म्हटले तरी मी दिनांक मोजतो. अकरा डिसेंबरपासून एकोणतीस. उद्या निघालीस तर काही प्रश्न नाही. परवापासून मात्र विम्याच्या लेखी घर उघडे पडते. मला हे कळले, ताई. अंधूकपणे नाही, नंतर नाही. त्या क्षणी, कलमाच्या क्रमांकासकट.

आणि मी म्हणालो, “हिचं कपाट आवरायचं राहिलंय. मला एकट्याला नाही जमणार. थोडे दिवस राहा.”

तू माझ्याकडे पाहिलेस, चेन उघडलीस, अंगावरची शाल परत खुंटीला लावलीस. “बरं. चार दिवस.”

तू विचारशील, अरे, मग सांगायचं होतंस ना! कंपनीला एक ओळ लिहून दिली असती, सही केली असती, काम झालं असतं. होय, एक ओळ पुरली असती. कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. पण मी तुला ओळखतो. घराला धोका आहे असा शब्द जरी काढला असता, तरी तू म्हणाली असतीस, “मग एक चक्कर टाकूनच येते.” आणि गेल्यावर दार उघडून कामाची खोली पाहिली असतीस, पुस्तके पाहिली असतीस, आणि परत आली नसतीस. का यावेस? तुझे काम तिकडे होते. इकडे फक्त मी होतो.

म्हणून मी गप्प राहिलो. एकोणतिसाव्या दिवशी, तिसाव्या दिवशी आणि नंतरही. कपाट आवरायला एक दिवस पुष्कळ होता, हे तुला दुसऱ्याच दुपारी कळले होते. मी घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडत होतो. तू एकदाच म्हणालीस, “सावकाश कर. मला घाई नाही.” तुझ्या घरात पाणी कोणत्या दिवशी सुरू झाले हे कोणालाच ठाऊक नाही, शेजारणीला ते तेरा तारखेला सकाळी दाराखालून येताना दिसले, तिने फोन केला आणि आपण दोघे संध्याकाळी पोचलो. तू ‘मला घाई नाही’ म्हणालीस तेव्हा ते कदाचित सुरूही झाले असेल. या वाक्याने मला वर्षभर झोपू दिलेले नाही.

आणि त्यानंतर सहकाऱ्याचा फोन आला तेव्हा मी ‘चौतीस’ म्हणालो. लोकांना वाटले, केवढा हा सत्यवादी! सत्य एवढेच की चौतीस म्हणणे सोपे होते. ते तुझ्याविषयीचे सत्य होते. माझ्याविषयीचे सत्य एकोणतीस होते आणि ते मला कोणी विचारले नाही. दहा महिने मी त्या चौतिसाच्या आड उभा आहे. तू मला कठोर समजलीस, नियमांचा किडा समजलीस, बहिणीहून कलम मोठे मानणारा समजलीस. मी तुला तसे समजू दिले, कारण जे खरे होते त्यापेक्षा ते पुष्कळ बरे होते.

काल सकाळी मी मुख्य साहेबांच्या खोलीत गेलो आणि लेखी निवेदन त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला, दार लावून घेतले.

“हे काय नवीन काढलंस?”

“नवीन नाही साहेब. जानेवारीतलं आहे.”

“वेडा झालास का? तुला कोण विचारतंय? सगळं मिटलंय. बहिणीची अडचण असेल तर सांग, आपण सगळे मिळून काहीतरी करू. वर्गणी काढू.”

“तिला वर्गणी नको. तिचा हक्क हवाय.”

“अरे, नोकरी जाईल तुझी! वर परवाना जाईल तो वेगळाच. चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. पोरांना मी तुझं उदाहरण देतो, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. म्हणूनच आलो. ते उदाहरण चुकीचं आहे.”

त्यांनी निवेदनाची घडी घालून ती माझ्यासमोर ठेवली. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठे आहेत. दोघे एकाच वर्षी लागलो होतो, दोघांनी मिळून शेकडो घरांतला चिखल तुडवला. शेवटी म्हणाले, “एक दिवस विचार कर. मी हे पाहिलंच नाही असं समजतो.” मी म्हणालो, “साहेब, मागच्या वेळी पण मी असंच समजलो होतो.” तेव्हा त्यांनी शिक्का उचलला. पोच म्हणून प्रतीवर उमटवला, तारीख घातली आणि ती माझ्या हातात न देता टेबलावर सरकवली. मी बाहेर पडताना म्हणाले, “चहा तरी घेऊन जा रे.” मी थांबलो नाही. थांबलो असतो तर रडलो असतो आणि त्यांना ते निस्तरावे लागले असते.

शिक्का मारलेली प्रत सोबत आहे. तुझ्या अर्जात एवढेच लिही, माझ्या भाषेत नको, तुझ्याच भाषेत: ‘माझे घर रिकामे आहे हे कंपनीच्या सर्वेक्षकाला आठ जानेवारीला, म्हणजे तीस दिवस पूर्ण होण्याच्या आत, माहीत होते. त्याने तसे लिहून दिले आहे. म्हणून दाव्याचा फेरविचार करावा.’ तीन वाक्ये पुरेत. शुश्रूषा, आजारपण, उपकार यांतले काही लिहू नकोस. त्याने कंपनीचे लोक मऊ पडतील आणि मग सगळ्यांची सोय पाहून प्रकरण वर्गणीवर मिटवतील. अर्ज टपालाने पाठवू नकोस. सुट्ट्यांमुळे टपाल रेंगाळते. चोवीस तारखेच्या आत स्वतः नेऊन दे आणि पोच घे. कामाच्या खोलीतल्या छताचे, दाबयंत्राचे आणि फुगलेल्या पुस्तकांचे फोटो जोड. पुस्तकांची यादी ग्रंथालयांच्या सहीनिशी हवी. हे मात्र मी सर्वेक्षक म्हणून सांगतो आहे. बहुधा अखेरचे.

हे पत्र जोडू नकोस. हे तुझे एकटीचे आहे.

तू नऊ वर्षांची असताना आई गेली आणि तेव्हापासून तू माझे सगळे पाहत आलीस. कदाचित म्हणूनच माझ्या मनात असे बसले असावे, की तुझे स्वतःचे घर, तुझे काम, तुझी वाट पाहणारी माणसे या सगळ्या गोष्टी मी बोलावीपर्यंतच्या आहेत. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण सांगायचा मला अधिकार नाही. पण ते पाच दिवस तू माझ्या घरात होतीस. सकाळी स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायचा आणि मला उठता यायचे. ते मला मिळाले आणि त्यासाठी तुझे छत गेले. मी मागितले असते तर तू कदाचित सगळे जाणूनही राहिली असतीस. मी तुला ती संधीच दिली नाही. मला वाटते, छतापेक्षा तुला हेच अधिक लागेल.

क्षमा मागत नाही. ती मागितली की तू देऊन टाकशील. देऊन टाकायची सवय तुला लहानपणापासून आहे आणि मला घ्यायची.

तू इकडे येऊ नकोस. रागावून, भांडायला म्हणूनही नको. यापुढे माझ्यासाठी घराला कुलूप लावू नकोस. बोलावलेस तर मी येईन. पुढच्या महिन्यापासून मला काम नसेल. गिलावा खरवडता येतो, फरशी घासता येते, सुईत दोरा ओवता येतो. न बोलावलेस तरी ते मला समजेल.

एकोणतिसाव्या दिवशी ज्याला सगळे ठाऊक होते, तो
तुझा भाऊ